गर्दीतून ओमेगा सेंटॉरी वेगळा काढताना

फ्रेंच खगोलनिरीक्षक मेसिये याने केलेल्या धुरकट आकाशवस्तूंच्या यादीत ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ नाही, कारण पॅरिसहून तो दिसतच नाही. त्याची क्रांती, म्हणजे आकाशाच्या विषुववृत्तापासूनचं अंतर, दक्षिणेकडे साडेसत्तेचाळीस अंश. मेसिये जिथून आकाश बघायचा तिथे तो कायमचा क्षितिजाखाली. आपल्या आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या बंदिस्त तारकागुच्छांपैकी, म्हणजे ताऱ्यांच्या घट्ट गोल गोळ्यांपैकी, हा सगळ्यांत मोठा, सगळ्यांत तेजस्वी, आणि निव्वळ भूगोलामुळे तो त्या प्रसिद्ध ११० जणांत बसला नाही. आपल्याकडे मार्चमध्ये मेसिये मॅरेथॉनसाठी, म्हणजे एका रात्रीत ती सगळी यादी बघायला, रात्रभर जागणारे लोक यादी पुरी करण्याच्या नादात दक्षिणेकडे मान वळवत नाहीत, याचं मला नेहमी वाईट वाटतं. महाराष्ट्रातून तो बऱ्यापैकी वर येतो. पुण्याहून २४ अंश, कोल्हापुराहून जवळपास २६.

शोधायला चित्रा पुरते. चित्रा आणि ओमेगा सेंटॉरी यांचं विषुवांश, म्हणजे आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान, जवळजवळ एकच आहे. चित्रा दक्षिणेला सर्वांत उंच आली की तिच्या सरळ खाली ३६ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन वितींपेक्षा थोडं कमी, तो असतो. फेब्रुवारीच्या शेवटी ही वेळ पहाटे साडेतीनला येते, मार्चच्या मध्यावर अडीचला, एप्रिलच्या मध्यावर साडेबाराला. मेमध्ये रात्री साडेदहालाच तो वर असतो, पण तोवर वळवाचे ढग आणि धुरकट हवा आकाशाचा निकाल लावतात. ज्यांना नरतुरंग (सेंटॉरस) हा तारकासमूह ओळखता येतो त्यांनी मित्रक, म्हणजे बीटा सेंटॉरी, आणि एप्सिलॉन सेंटॉरी यांना जोडणारी रेघ तेवढीच पुढे न्यावी.

प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीने त्याला तारा म्हणून नोंदवलं. जर्मन नकाशाकार बायरने १६०३ च्या आकाशाच्या नकाशात ताऱ्यांना देतात तसं ओमेगा हे अक्षर दिलं, ते चिकटलं ते चिकटलंच. १६७७ मध्ये सेंट हेलिना बेटावरून एडमंड हॅलीने पाहिलं तेव्हा हा तारा नाही एवढं लक्षात आलं, आणि तो ताऱ्यांचा प्रचंड गोळा आहे हे जॉन हर्शेलने केप ऑफ गुड होपहून १८३० च्या दशकात नीट पाहिलं.

मी पतसंस्थांचे हिशेब तपासते. खगोलशास्त्र शिकलेली नाही, पण दुर्बिणी आणि तक्ते या दोन्हींची भीती वाटत नाही. माझ्या सासरचं घर देवगडजवळ आहे. तिथल्या सड्यावर उभं राहिलं की दक्षिणेकडे डोंगर नाही, गाव नाही, फक्त जांभ्याचा कातळ आणि मधेमधे कलमांच्या बागांचे गडगे. पश्चिमेकडून मात्र त्रास होतो. समुद्रात बोटींचे दिवे इतके प्रखर असतात की त्या बाजूचं आकाश दुधाळ होऊन जातं. शिवाय किनाऱ्याची दमट हवा. क्षितिजापासून पंधरा-वीस अंशांपर्यंतचं काहीही धड दिसत नाही, आणि ओमेगा सेंटॉरी नेमका त्या पट्ट्याच्या थोडासाच वर निघतो. जाऊबाई रात्री खळ्यात बाहेर आल्या, ट्रायपॉडकडे बघून म्हणाल्या, "एवढ्या रातीक काय बघतंस गो?" त्यांना द्विनेत्री दिली. "धुरासारखा काय तरी दिसता," म्हणाल्या. अगदी बरोबर वर्णन. नुसत्या डोळ्यांना चौथ्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तेवढा तारा मंद) जरा पुसट तारा, १० बाय ५० च्या द्विनेत्रीतून कापसाचा गोळा, आणि आठ इंची दुर्बिणीतून बघितलं की त्या गोळ्याचे कण सुटू लागतात. दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ थांबलं की आणखी कण सुटतात. घाई करणाऱ्याला तो निम्माच दिसतो.

मागोवा घेणाऱ्या माउंटवर कॅमेरा बसवून २०० मिलिमीटरच्या लेन्सने फोटो घेतले, घरी येऊन एकावर एक रचले. फोटो चांगला आला. त्यात तो किंचित चपटाही दिसतो, कारण हा गुच्छ स्वतःभोवती फिरतो. मग माझी भाची, जी संख्याशास्त्र शिकते, तिने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "मावशी, यातले त्याचे कुठले आणि मधेच आलेले कुठले?"

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. गुच्छ आपल्यापासून साधारण १७ हजार प्रकाशवर्षं लांब आहे. तिथवर बघताना मधे आपल्याच आकाशगंगेच्या तबकडीतले असंख्य तारे येतात, आणि पलीकडचेही काही डोकावतात. फोटोत सगळे एकाच पातळीवर चिकटलेले. मध्यभागी शंका नको, पण कडेला? तिथला एखादा तांबूस ठिपका गुच्छातला राक्षसी, म्हणजे म्हातारपणी फुगलेला तारा असेल किंवा आपल्यापासून शेजारच्याच अंतरावरचा सामान्य तारा असेल. फोटो कितीही सुंदर असला तरी याचं उत्तर त्यात नाही.

उत्तर गायाच्या माहितीत आहे. गाया हे युरोपीय अवकाश संस्थेचं यान डिसेंबर २०१३ मध्ये सुटलं, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर राहून दहा वर्षांहून जास्त काळ ताऱ्यांच्या जागा मोजत राहिलं आणि मार्च २०२५ मध्ये बंद करण्यात आलं. त्याचा तिसरा संच जून २०२२ मध्ये आला. त्यात सुमारे १८० कोटी नोंदी आहेत आणि तो कुणालाही फुकट मिळतो. खातं उघडावं लागत नाही. कोल्हापुरातल्या माझ्या खोलीत बसून मी तोच तक्ता उघडते जो हायडेलबर्गमधला संशोधक उघडतो. याचं अप्रूप मला अजून वाटतं.

आम्ही टॉपकॅट नावाचा मोफत प्रोग्राम वापरला. ब्रिस्टल विद्यापीठातल्या मार्क टेलर यांनी तो खगोलातल्या मोठ्या तक्त्यांसाठीच लिहिला आहे. एक्सेलचं नाव काढू नका. एक्सेलमध्ये मुळात १० लाख ४८ हजार ओळींची मर्यादा, आणि त्याच्या निम्म्यातच माझा लॅपटॉप गुदमरतो. टॉपकॅटमधूनच गायाच्या संग्रहाला प्रश्न पाठवता येतो. प्रश्न असा: विषुवांश २०१.६९७ अंश, क्रांती उणे ४७.४८० अंश, या बिंदूभोवती अर्ध्या अंशाच्या वर्तुळात जे काही आहे त्याची जागा, पॅरॅलॅक्स, निजगती, प्रत आणि रंग द्या. तात्काळ उत्तर मागितलं तर उत्तर २००० ओळींवर थांबू शकतं. प्रश्न रांगेत लावायचा पर्याय निवडला की पूर्ण तक्ता येतो. चहा होईपर्यंत काही लाख ओळी उतरल्या होत्या.

पहिल्यांदा कुणालाही वाटतं की अंतराने गाळावं. १७ हजार प्रकाशवर्षांवरचे ठेवायचे, बाकीचे टाकायचे. पण अंतर कळतं ते पॅरॅलॅक्सवरून, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जो किंचित इकडचा तिकडे झाल्यासारखा दिसतो त्यावरून. एवढ्या अंतरावर तो एका मिलिआर्कसेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी असतो. आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, आणि मिलिआर्कसेकंद त्याचाही हजारावा. मंद ताऱ्यांच्या बाबतीत गायाच्या मोजणीतली अनिश्चितताच त्याच्या जवळपास जाते. काही तारे तर उणे पॅरॅलॅक्स दाखवतात. भाचीला तो तक्ता बघून हसू आवरेना. "म्हणजे हे अनंताच्याही पलीकडे?" तसं नाही, मोजणीतला गोंगाट शून्याच्या दोन्ही बाजूंना सांडतो, एवढंच. हजारो ताऱ्यांची सरासरी काढली की मात्र नीट आकडा हाताला लागतो. एकेकट्या ताऱ्याला विचारून उपयोग नाही.

मग राहते निजगती, म्हणजे आकाशाच्या पडद्यावर तारा दर वर्षी किती आणि कुठे सरकतो ते. दादरच्या पुलाचा फोटो बघून कोण विरार लोकल पकडायला निघालंय ते सांगता येत नाही, पण दोन मिनिटांचा व्हिडिओ बघितला की त्या बाजूला धावणारा घोळका आपोआप वेगळा दिसतो. इथेही तेच. गुच्छातले तारे एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेले, त्यामुळे सगळे मिळून एकाच दिशेला चाललेले. मधे आलेले तारे ज्याच्या त्याच्या वाटेने.

टॉपकॅटमध्ये नवा आलेख उघडला. आडव्या अक्षावर पूर्व-पश्चिम निजगती, उभ्यावर दक्षिणोत्तर. आधी सगळा पडदा काळा झाला, कारण काही तारे भयंकर वेगाने सरकणारे, त्यांच्यामुळे अक्ष अवाढव्य. चाकाने आत आत आणत गेलो, ठिपक्यांऐवजी घनतेचं चित्रण निवडलं, आणि दोन वस्त्या दिसल्या. वर एक मोठा पसरट ढग, वेडावाकडा, कुठे सुरू होतो कुठे संपतो ते कळू नये असा. त्याच्या खाली, वर्षाला पश्चिमेकडे सव्वातीन आणि दक्षिणेकडे पावणेसात मिलिआर्कसेकंद या जागी, एक घट्ट गोल गाठ. तोच ओमेगा सेंटॉरी. आम्ही दोघी काही क्षण नुसत्या बघत राहिलो, कारण या आलेखात आकाशातल्या जागेचा काही संबंधच नव्हता. आम्ही त्याला गोळा म्हणून शोधलं नव्हतं, आणि तरी तो गोळा होऊनच समोर आला.

ती गाठही बिंदू नाही, तिला रुंदी आहे. त्यातला काही भाग मोजणीच्या अनिश्चिततेचा, पण बराचसा खरा. गुच्छाच्या मध्याजवळ तारे आपापसात सेकंदाला साधारण २० किलोमीटरच्या वेगाने इकडेतिकडे फिरत असतात, आणि एवढ्या अंतरावरून तो वेग वर्षाला पाऊण मिलिआर्कसेकंदासारखा दिसतो. म्हणजे त्या गाठीच्या जाडीत आतली हालचालही नोंदलेली आहे. संबंध गुच्छ मात्र आपल्या दृष्टीने वर्षाला साडेसात मिलिआर्कसेकंद सरकतो. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतकी जागा बदलायला त्याला सुमारे दोन लाख चाळीस हजार वर्षं लागतील.

टॉपकॅटमध्ये असा भाग माऊसने रेघ ओढून घेरता येतो. चिन्हावर क्लिक करायचं, गाठीभोवती हात फिरवायचा, पुन्हा क्लिक केलं की नाव विचारतो. भाचीने "आपले" असं नाव दिलं. दुसऱ्या खिडकीत आकाशाचा नकाशा उघडाच होता. तिथे ते तारे रंगीत झाले आणि मधला गोळा उजळला. उरलेले घेतले तर पडदाभर जवळजवळ एकसारखं पसरलेलं पीठ. मध्यभागी मात्र थोडी दाटी राहिली. गर्दीत ज्यांची निजगती नीट मोजली गेली नाही ते तारे गाठीच्या बाहेर फेकले गेले होते, म्हणजे चुकून "परके" ठरले होते. त्यासाठी गायाच्या तक्त्यात मोजणी किती विश्वासार्ह आहे हे सांगणारा एक रकाना असतो, रूवी नावाचा. त्याची किंमत १.४ च्या वर असेल तर तारा संशयित. ते बाजूला काढले.

पण योगायोगाने तशीच निजगती असलेला परका तारा असणारच की. हिशेब तपासणारीचं मन ताळा केल्याशिवाय गप्प बसत नाही. ताळ्याला एक वेगळीच मोजणी मिळाली: त्रिज्य वेग, म्हणजे तारा आपल्याकडे येतोय की लांब जातोय आणि किती. गायाने तो फक्त तेजस्वी ताऱ्यांसाठी दिला आहे. ओमेगा सेंटॉरी आपल्यापासून सेकंदाला सुमारे २३४ किलोमीटर या वेगाने लांब जातो. "आपले" गटातल्या ज्या ताऱ्यांचा त्रिज्य वेग उपलब्ध होता त्यांचा स्तंभालेख काढला, तर २३४ च्या भोवती उंच मनोरा आणि शून्याच्या बाजूला तुरळक चुकार. बाकीच्यांत नेमकं उलटं. निजगती हा बाजूबाजूचा सरकाव, त्रिज्य वेग हा समोरासमोरचा. मोजायच्या पद्धती पूर्ण वेगळ्या, आणि तरी दोन्ही एकच गोष्ट सांगतात. वार्षिक हिशेब पहिल्या फटक्यात जुळल्याचा आनंद ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

एकदा आपले-परके झाले की खरी गंमत रंग आणि प्रत यांच्या आलेखात. आडव्या अक्षावर रंग, डावीकडे निळे उजवीकडे तांबडे; उभ्यावर प्रत, वर तेजस्वी खाली मंद. सगळे तारे जवळपास एकाच अंतरावर असल्यामुळे दिसणारं तेज हेच आपापसातल्या खऱ्या तेजाचं माप ठरतं. गाळणीआधीचा आलेख म्हणजे शिंतोडे. गाळणीनंतर त्यातून एक सांगाडा उभा राहिला. खाली १८ व्या प्रतीच्या आसपास ती ओळखीची वळणाची जागा, जिथे मध्यातला हायड्रोजन संपलेले तारे मुख्य क्रम, म्हणजे मध्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांची रेघ, सोडून उजवीकडे वळतात. तिथून वर चढत जाणारी तांबड्या राक्षसी ताऱ्यांची फांदी. आणि साडेचौदाव्या प्रतीजवळ डावीकडे निघणारी आडवी फांदी, जी पुढे निळ्या टोकाला खाली कोसळते. त्या खाली कोसळणाऱ्या भागातले तारे अतिशय उष्ण आहेत. आपल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीने याच गुच्छाची दूर-अतिनील चित्रं घेतली आहेत, आणि तिथे नेमके हेच तारे उठून दिसतात. आपल्या डोळ्यांना भरणारे तांबडे राक्षस त्या चित्रात जवळपास नाहीसे होतात.

रंगांबाबत एक सावधगिरी लागते, ती आम्हाला वाचूनच कळली. गाया निळा आणि तांबडा प्रकाश मोजायला आकाशातला साडेतीन गुणिले दोन आर्कसेकंदांचा तुकडा वापरायचं. मध्यभागी तेवढ्या तुकड्यात अनेक तारे बसतात, त्यामुळे शेजाऱ्याचा रंग आपल्या नावावर लागतो. म्हणून मधली पाच मिनिटांची चकती, इथे मिनिटं म्हणजे अंशाचे साठावे भाग, रंगाच्या आलेखातून सोडून दिली आणि बाहेरचं कडं घेतलं. आलेख लगेच स्वच्छ झाला.

आडव्या फांदीवर मधेच एक पट्टा आहे जिथले तारे स्वस्थ नसतात. ते आरआर लायरी जातीचे रूपविकारी तारे. सरासरी अर्ध्या-पाऊण दिवसात फुगतात, आकसतात आणि त्यांचं तेज वरखाली होतं. गायाने त्यांचा वेगळा तक्ता दिला आहे, तो आमच्या तक्त्याला ओळख क्रमांकावरून जोडला. ठिपके नेमके त्या पट्ट्यात पडले. ओमेगा सेंटॉरीतल्या या ताऱ्यांचा पहिला मोठा अभ्यास हार्वर्डच्या सोलन बेली यांनी पेरूमधल्या अरेकिपा इथे घेतलेल्या काचेच्या छायापट्ट्यांवरून केला. तो १९०२ मध्ये छापला गेला. तेजाचा आलेख कसा चढतो-उतरतो यावरून त्यांनी पाडलेले प्रकार आजही थोड्याफार फरकाने चालतात. एकेका पट्टीवर हजारो ठिपके, त्यांतला कुठला मघापेक्षा जरा जाड झालाय ते भिंगातून बघायचं. आम्ही दोन रकाने जोडायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात त्यांचा एक ताराही झाला नसेल.

हे तारे अंतर मोजायला कामी येतात, कारण त्यांचं खरं तेज बऱ्यापैकी ठरलेलं असतं. हा हिशेब कागदावर होतो. दिसणारी सरासरी प्रत सुमारे १४.५. खरी, म्हणजे ३२.६ प्रकाशवर्षांवरून दिसली असती ती, सुमारे ०.५. फरक १४.०. मधल्या धुळीने सुमारे ०.३७ प्रतीचा प्रकाश खाल्ला, तो वजा करून १३.६३. याचं अंतर निघतं ५३२० पार्सेक (एक पार्सेक ३.२६ प्रकाशवर्षांचा), म्हणजे १७ हजार ३०० प्रकाशवर्षं. गायाच्या पॅरॅलॅक्सची सरासरी काढून संशोधकांनी दिलेलं अंतर ५२४० पार्सेकच्या आसपास आहे. पूर्ण वेगळ्या वाटेने येऊन एवढा जवळचा आकडा! भाचीने तो कागद फ्रिजवर लावून ठेवला आहे.

आता जी गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली ती. तांबड्या राक्षसांची फांदी रुंद होती. आधी वाटलं गर्दीमुळे असेल, पण मधला भाग तर सोडलेला. तुलनेला एम ५ घेतला, हाही बंदिस्त तारकागुच्छच, आणि त्याच गाळण्या लावल्या. त्याची फांदी रेघेसारखी बारीक. ओमेगा सेंटॉरीची मात्र झाडूसारखी पसरलेली, आणि उजवीकडे, जास्त तांबड्या बाजूला, एक वेगळी काडी निघालेली. पाठ्यपुस्तकात बंदिस्त तारकागुच्छाची व्याख्या असते: एकाच वेळी, एकाच ढगातून जन्मलेले तारे. या आलेखात तसं काहीच दिसत नाही. इथल्या ताऱ्यांतल्या लोखंडाचं प्रमाण एकमेकांपेक्षा वीस पटींहूनही जास्त बदलतं. ती वेगळी काडी संशोधकांच्या नजरेत १९९९-२००० च्या सुमारास भरली. पुढे २००४ मध्ये हबल अवकाश दुर्बिणीच्या चित्रांवरून मुख्य क्रमच दुहेरी असल्याचं सिद्ध झालं, आणि त्यातली निळी रेघ ज्या ताऱ्यांची आहे त्यांत हेलियम जास्त असावा असं वर्णपटांवरून दिसलं. आमच्या आलेखात ती दुहेरी रेघ दिसत नाही. ते तारे इतके मंद आहेत की गायाच्या मोजणीत ती फट बुजून जाते. पण फांदीची रुंदी दिसते, आणि ती घरच्या लॅपटॉपवर, फुकटच्या माहितीवर दिसते.

म्हणजे निजगती सांगते की हे सगळे बरोबर चाललेत. रंग सांगतो की ते बरोबर जन्मलेले नाहीत. या दोन गोष्टींचा मेळ घालणारं आज सर्वांत मान्य असलेलं स्पष्टीकरण असं की ओमेगा सेंटॉरी हा मुळात एका बटू दीर्घिकेचा, म्हणजे आकाशगंगेसारख्याच पण छोट्या तारकाविश्वाचा गाभा आहे. आकाशगंगेने ती दीर्घिका गिळली, बाहेरचे तारे ओरबाडले गेले, आणि घट्ट गाभा तेवढा उरला. तो आकाशगंगेभोवती तिच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरतो, हेही बाहेरून आल्याच्या बाजूने बोलतं. मला हे पटतं. एक कोटी तारे आणि चाळीस लाख सूर्यांएवढं वस्तुमान असलेल्या या प्राण्याला इतरांबरोबर एकाच यादीत बसवणं मुळातच ओढूनताणून आहे.

मध्यभागाचा तुटवडा मात्र आम्हाला भरता आला नाही. गायाची यंत्रणा एका चौरस अंशात साधारण १० लाख ताऱ्यांपर्यंतच तग धरायची, आणि ओमेगा सेंटॉरीचा गाभा त्याच्या कितीतरी पलीकडे. म्हणून तिसऱ्या संचात तिथे गर्दीऐवजी उणीव दिसते. गायाच्या चमूने अशा जागांसाठी यानाकडून वेगळी पूर्ण चित्रं मागवली होती, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये फक्त या गुच्छाच्या गाभ्यातल्या आणखी ५ लाख २६ हजारांहून अधिक ताऱ्यांची यादी दिली. ती आमच्या तक्त्याला जोडल्यावर नकाशातलं भोक बुजलं. निजगती मात्र त्या नव्या नोंदींना नाही, त्यामुळे आमची गाळणी तिथे चालत नाही.

तिथे चालते ती हबलची. वीस वर्षांत घेतलेल्या ५०० हून अधिक चित्रांवरून मॅक्स प्लांकच्या खगोलशास्त्र संस्थेतल्या चमूने सुमारे १४ लाख ताऱ्यांच्या निजगती मोजल्या, आणि जुलै २०२४ मध्ये त्यांतल्या सात ताऱ्यांबद्दल छापलं. हे सात जण अगदी मध्याजवळ आहेत आणि इतक्या वेगाने पळतात की गुच्छाच्या गुरुत्वाकर्षणाने ते केव्हाच निसटायला हवे होते. निसटलेले नाहीत, म्हणजे तिथे न दिसणारं काहीतरी जड आहे. किमान ८२०० सूर्यांएवढं. मध्यम वस्तुमानाचं कृष्णविवर. कारभार तोच. आम्ही गाठ घेरली ती गर्दीबरोबर चालणाऱ्यांना शोधायला, त्यांनी शोधले ते गर्दीत असूनही वेगळ्याच घाईत असलेले.

भाची आता उलट्या टोकाला लागली आहे. ओरबाडलेले तारे फिम्बुलथुल नावाच्या एका लांब प्रवाहात पसरलेले आहेत, असं २०१९ मध्ये गायाच्याच माहितीवरून दाखवलं गेलं. त्यासाठी अर्ध्या अंशाचं वर्तुळ पुरत नाही, आकाशाचा कित्येक अंशांचा पट्टा लागतो, आणि तक्ता इतका मोठा होतो की टॉपकॅटला सुरू करतानाच जास्त मेमरी द्यावी लागते. तिथे गाठही एवढी ठसठशीत नसते, कारण प्रवाहातल्या ताऱ्यांची निजगती आकाशात जागेगणिक बदलत जाते. तिने मला परवा विचारलं की पट्टा कुठून कुठवर घ्यायचा. मी म्हटलं, आधी चंद्र नसलेल्या रात्री सड्यावर चल, ओमेगा सेंटॉरीपासून चित्रेपर्यंत डोळ्यांनी वितीने मोज, मग लॅपटॉप उघड. ती म्हणाली, "मावशी, मेमरी आधी वाढवून घेऊया." तिचंही बरोबर आहे. आठ जीबीत ते बसत नाही.